मुद्देमालाचं पुढे काय होतं?

पॉडकास्टच्या मागच्या भागात आपण अमली पदार्थांच्या कच्च्या मालावर बोललो. प्रीकर्सर रसायनं कशी पळवली जातात, ती अडवण्यासाठी देशादेशांत सूचना कशा धावतात, वगैरे. तो भाग ऐकून एका श्रोत्याने अगदी साधा प्रश्न पाठवला: "पकडतात हे कळलं. मग त्या पिंपांचं करतात काय?" रेकॉर्डिंगला बसलेल्या आम्हा तिघांपैकी कुणाकडेच याचं नीट उत्तर नव्हतं. मी मुळात रसायनशास्त्राची, त्यामुळे मला जरा जास्तच ओशाळल्यासारखं झालं. म्हणून करार घेऊन बसले. हा लेख म्हणजे त्या वाचनातून निघालेली तक्रार आहे.

तक्रार अशी: प्रीकर्सरबाबतचं आंतरराष्ट्रीय सहकार्य जप्तीच्या क्षणापर्यंत चोख चालतं आणि तिथेच संपतं. पंचनामा झाला, फोटो निघाला, आकडा व्हिएन्नाला गेला की जगाचा त्या पिंपाशी संबंध तुटतो. उरतो तो ठाणेदार, त्याचं आवार आणि पिंप.

आधी पिंपात काय असतं ते बघू, कारण "जाळून टाका ना!" हे उत्तर पहिल्यांदा सगळ्यांनाच सुचतं.

अ‍ॅसिटिक अनहायड्राइड घ्या. मॉर्फिनचं हेरॉइन करायला हे लागतं. एक किलो हेरॉइनला साधारण १ ते २.५ लिटर. व्हिनेगरसारखा, पण डोळ्यांत पाणी आणणारा वास. ते भरपूर पाण्यात हळूहळू सोडलं, मग अल्कली घालून उदासीन केलं, तर मागे राहतो तो अगदी निरुपद्रवी क्षार. पण उलट केलं, म्हणजे भरलेल्या पिंपात पाण्याची नळी सोडली, तर पिंप तापतं, वाफा उसळतात आणि जवळ उभा असलेला माणूस दवाखान्यात जातो. रसायन तेच, पाणीही तेच. फरक फक्त कशात काय ओतलं याचा.

पोटॅशियम परमँगनेट तर आपल्या ओळखीचं. गावात साथ आली की विहिरीत टाकायचे ती जांभळी पूड. कोकेन शुद्ध करायला ती वापरतात म्हणून ती पहिल्या तक्त्यात आहे. ती स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळायला भरपूर ऑक्सिजन पुरवते. जंगलातल्या कोकेन लॅबमध्ये तिच्या शेजारीच अ‍ॅसिटोन, ईथर यांचे कॅन असतात. जप्त करून सगळं एका खोलीत रचलं तर ती खोली म्हणजे वात नसलेला फटाका. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक ही आम्लं जळतच नाहीत. त्यांना चुना लागतो आणि धीर लागतो. एफेड्रिनसारखी पावडर खरंच जाळावी लागते, पण उच्च तापमानाच्या, धूर धुऊन सोडणाऱ्या भट्टीत. पाऱ्याचे क्षार मात्र भट्टीत घालायचे नाहीत, कारण पारा जळत नाही, चिमणीतून निघून जातो. थोडक्यात, एकाच छाप्यात सापडलेल्या पाच पिंपांना पाच वेगळ्या वाटा लागतात.

आणि बातमीत दिसते ती मात्र होळी. दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, म्यानमारमध्ये मालाचे ढीग पेटवले जातात आणि पाहुण्यांना खुर्च्या मांडल्या जातात. कोलंबिया-पेरूच्या जंगलात लॅब सापडली की ती तिथेच पेटवून द्यायची, हे दृश्य तर इतकं सवयीचं झालंय की काळा धूर म्हणजे यश असं आपणही धरून चालतो. ज्वाळा कॅमेऱ्याला आवडतात. चुन्याची गोणी घेऊन संथपणे पीएच मोजत बसलेला माणूस कुणाच्या पहिल्या पानावर येणार?

आता कराराकडे. २० डिसेंबर १९८८ ला व्हिएन्नामध्ये संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा करार झाला. प्रीकर्सरचा कायदा म्हणून जगात जे काही चालतं त्याची मुळं त्याच्या कलम १२ मध्ये आहेत. ते लांबलचक, बारकाईने लिहिलेलं कलम आहे. व्यापारावर नजर कशी ठेवायची, संशयास्पद ऑर्डर कशी ओळखायची, निर्यातीआधी कुणाला कळवायचं, सगळं आहे. जप्ती करण्याची सोय ठेवा, असंही त्यात आहे. मग दरवर्षी काय कळवायचं याची यादी येते: किती माल जप्त केला आणि ठाऊक असल्यास तो आला कुठून, तक्त्यात नसलेलं कुठलं रसायन वापरात दिसलं, आणि माल वळवण्याच्या, ड्रग बनवण्याच्या पद्धती कोणत्या. तीन गोष्टी. जप्त मालाचं पुढे काय केलं ही चौथी गोष्ट त्या यादीत नाही.

विल्हेवाटीचा उल्लेख मला सापडला तो कलम १४ मध्ये. हे कलम आहे अफू, कोका, गांजा यांची झाडं उपटण्याबद्दल आणि मागणी कमी करण्याबद्दल. त्यात पाचव्या परिच्छेदात, जवळजवळ जाता जाता, म्हटलंय की जप्त केलेले अमली पदार्थ आणि दोन्ही तक्त्यांतली रसायनं लवकर नष्ट करण्यासाठी किंवा त्यांची कायदेशीर विल्हेवाट लावण्यासाठी देश आवश्यक ती पावलं उचलू शकतात, आणि पुराव्यापुरते प्रमाणित नमुने ग्राह्य धरू शकतात. "उचलू शकतात". "उचलतील" नाही. गंमत म्हणजे याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात पर्यावरणाची आठवण आहे: झाडं उपटताना पर्यावरणाच्या रक्षणाचा नीट विचार करा. अफूच्या रोपाला जी सवलत मिळाली ती शंभर लिटर सल्फ्युरिक आम्लाखालच्या मातीला नाही मिळाली.

कुणी म्हणेल, १९८८ साल होतं, तेव्हा एवढी जाणीव कुठे होती? हा बचाव टिकत नाही. घातक कचरा एका देशातून दुसऱ्यात नेण्यावरचा बाझल करार २२ मार्च १९८९ चा, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांनंतरचा. जाणीव होती; ती दुसऱ्या मंत्रालयाकडे होती.

खरी तुलना मात्र रासायनिक अस्त्रबंदी कराराशी करायला हवी. तो जानेवारी १९९३ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि १९९७ मध्ये लागू झाला. विषय तोच: टनावारी घातक रसायनं, नको त्या हातात. पण भाषा बघा. ने-आण, नमुने, साठवण आणि नाश या सगळ्यांत माणसांची सुरक्षितता आणि पर्यावरणाचं रक्षण यांना सर्वोच्च प्राधान्य द्यायचं, आणि इथे शब्द "देतील" असा बंधनकारक आहे. पुढे पडताळणीच्या परिशिष्टात तर चक्क लिहून ठेवलंय की पाण्यात फेकणं, जमिनीत पुरणं आणि उघड्या खड्ड्यात जाळणं चालणार नाही. दोन करारांत चार वर्षांचं अंतर. एकाने उघडी होळी नावानिशी बंद केली. दुसऱ्याच्या नावाने ती दरवर्षी साजरी होते.

हा करार राबवणारी संघटना, ओपीसीडब्ल्यू, मी राहते त्या देशात, नेदरलँड्समधल्या हेगला आहे. तिने काय करून दाखवलं ते आठवून बघा. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २११८ केला आणि सीरियाने जाहीर केलेला सुमारे १,३०० टनांचा साठा देशाबाहेर काढायचं ठरलं. नष्ट करायचा कुठे? अल्बानियाला विचारलं, तिथे लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने नकार दिला. दुसऱ्याच्या घरचा कचरा आपल्या अंगणात कुणाला हवाय? मग तोडगा निघाला तो असा: साठा लाताकिया बंदरातून जहाजांनी निघाला, सगळ्यात धोकादायक भाग, त्यात सरीनचा मुख्य प्रीकर्सरही आला, इटलीच्या जोया ताउरो बंदरात केप रे या अमेरिकी जहाजावर चढवला आणि भूमध्य समुद्रात त्या जहाजावरच पाण्याने आणि अल्कलीने त्याचं विघटन केलं. समुद्रात एक थेंब न सोडता उरलेलं सांडपाणी जर्मनी आणि फिनलंडला गेलं. बाकीची रसायनं ब्रिटन आणि अमेरिकेतल्या भट्ट्यांत. ऑगस्ट २०१४ मध्ये केप रेवरचं काम संपलं. प्रत्येक पिंपाला ठरलेला मुक्काम होता, पैसे कुणाचे हे ठरलेलं होतं, आणि नष्ट झाल्याचं बघायला तिसरं माणूस हजर होतं.

मान्य, ही तुलना थोडी लबाडीची आहे. सीरियाचा साठा एका सरकारचा, एका जागी, मोजलेला, आणि त्यामागे युद्धाची टांगती तलवार. ड्रगचे प्रीकर्सर हजार ठिकाणी, चाळीस-चाळीस लिटरच्या कॅनमध्ये सापडतात आणि सरकार मालक नसतं, फक्त सापडवणारं असतं. प्रत्येक कॅनसाठी जहाज पाठवा असं कुणी म्हणत नाही. पण केप रेमुळे एक सबब कायमची गेली. तांत्रिकदृष्ट्या जमत नाही, देशांच्या सीमा आड येतात, खर्च कोण करणार, हे सगळं जमवता येतं. ठरवावं लागतं.

याउलट उदाहरण कंबोडियाचं. तिथल्या कार्डमम डोंगरात एका झाडाच्या मुळांतून साफ्रोल तेल काढायचे. एक्स्टसीचा हा जुना कच्चा माल. जून २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय पोलिसांच्या मदतीने पुर्सात प्रांतात ३३ टन साफ्रोल तेल नष्ट केलं. बाराशेहून जास्त पिंपं. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा यशस्वी प्रकल्प म्हणून हे सांगितलं जातं, आणि एका अर्थी ते खरंच आहे. तेल बाजारात गेलं नाही, जंगल वाचवण्याकडे लक्ष गेलं. पण नष्ट केलं म्हणजे पेटवलं. मदत करणाऱ्या देशाने आपल्या घरी हे असं केलं असतं का, हा प्रश्न मला सोडवत नाही.

आणि "प्रकल्प" हा शब्दच मला खटकतो. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो, देणगीदार असतो, अहवाल असतो. जप्तीला यातलं काही नसतं. ती मंगळवारी पहाटे होते. प्रकल्पाचे लोक प्रशिक्षण देऊन, हातमोजे-मास्क वाटून घरी जातात. तीन वर्षांनी प्रशिक्षित अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि हातमोजे चिरलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओडीसी कार्यालयाने अशा रसायनांच्या विल्हेवाटीची मार्गदर्शिका २००६ मध्ये काढली, २०११ मध्ये सुधारली. कागद म्हणून ती प्रामाणिक आहे, साधनं नसलेल्या ठिकाणी काम करणाऱ्याचा विचार करून लिहिलेली आहे. पण मार्गदर्शिका विचारते "कसं?". "कोण?" आणि "कुणाच्या पैशाने?" हे विचारायचा तिला अधिकारच नाही.

मग शेजारच्या देशात चांगली भट्टी असेल तर पिंप तिकडे का नाही पाठवत? इथे बाझल करार आडवा येतो, आणि यायलाच हवा. श्रीमंतांचा कचरा गरिबांच्या किनाऱ्यावर पडू नये म्हणून तो झाला. पाठवणाऱ्या, घेणाऱ्या आणि वाटेतल्या प्रत्येक देशाची लेखी संमती हवी. आता गंमत अशी की तेच पिंप कारखान्यातून निघून पुढे जाताना निर्यातपूर्व सूचना पेन ऑनलाइन या व्यवस्थेतून क्षणात जाते; ही व्यवस्था २००६ पासून आहे. जप्ती, अडवलेला माल, सापडलेल्या लॅब यांची खबर देशादेशांत देण्यासाठी २०१२ पासून पिक्स ही दुसरी व्यवस्था आहे. दोन्ही आयएनसीबी म्हणजे आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या. पुढच्या प्रवासाला महामार्ग. परतीच्या प्रवासाला पायवाटसुद्धा नाही. पोलिसांसाठी ते पिंप मुद्देमाल, कस्टमसाठी माल, पर्यावरण खात्यासाठी घातक कचरा. तिघांच्या तीन वह्या, आणि एकीचं पान दुसरीला माहीत नाही.

ज्याला कुणीच वाली नसतो अशा जप्त रसायनाचं काय होतं हे ४ ऑगस्ट २०२० ला बैरुतने पाहिलं. ते अमोनियम नायट्रेट होतं, ड्रगचा प्रीकर्सर नव्हे, पण २,७५० टन माल वर्षानुवर्षं बंदराच्या गोदामात पडून राहण्यामागची गोष्ट ओळखीची आहे. कागद या खात्यातून त्या खात्यात फिरत होते. दोनशेहून जास्त माणसं गेली.

हे सगळं गरीब देशांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर माझ्या शेजारात या. नेदरलँड्सचा दक्षिण भाग, ब्राबंट आणि लिम्बुर्ग, आणि सीमेपलीकडचा बेल्जियम हा युरोपातल्या सिंथेटिक ड्रगच्या उत्पादनाचा गड. एक किलो एमडीएमए बनवताना ६ ते १० किलो कचरा निघतो, एक किलो अ‍ॅम्फेटामिनला २० ते ३० किलो. बनवणारे तो रात्री जंगलाच्या कडेला कॅनमध्ये ठेवून जातात, चालत्या व्हॅनमधून नळीने रस्त्यावर सोडतात, नाहीतर गोठ्याखालच्या शेणाच्या टाकीत ओततात, आणि तिथून तो मक्याच्या शेतात जातो. इथे पोलिसांचं खास पथक आहे, संरक्षक सूट आहेत, परवानाधारक कंपन्या आहेत. तरीही बरीच वर्षं नियम असा होता की गुन्हेगार सापडला नाही तर जमिनीच्या मालकाने साफसफाईचा खर्च करायचा. भरपाईची योजना नंतर आली. ज्या देशात अस्त्रबंदीचं मुख्यालय आहे तिथल्या शेतकऱ्याची ही कथा.

इथे आणखी एक गोष्ट बदललीय, आणि जुने करार तिला तयार नाहीत. अ‍ॅसिटोन, अ‍ॅसिटिक अनहायड्राइड यांना प्रामाणिक कामं आहेत; जप्त माल तपासून उद्योगाला परत देता येतो, आणि माझ्या मते हीच सगळ्यात चांगली विल्हेवाट. पण गुन्हेगारांनी तक्त्यातली रसायनं सोडून मुद्दाम त्यांच्या एक पायरी मागची रसायनं घडवायला सुरुवात केली. अपान २०१४ मध्ये तक्त्यात आलं, पीएमके ग्लायसिडेट २०१९ मध्ये, मापा २०२० मध्ये. २०२४ मध्ये तर एका फटक्यात नातेवाईक रसायनांच्या मालिकाच घातल्या. यातल्या बहुतेकांना ड्रग बनवण्यापलीकडे नाव घेण्यासारखा उपयोगच नाही. परत घेणार कोण? म्हणजे तक्ता जितका वाढेल तितकी नष्टच करावी लागणारी पिंपं वाढणार. तक्ता वाढवणाऱ्या बैठकीत भट्टीचा विषय निघायला हवा की नको?

भारताकडे येते, कारण तिथे मला थोडी अनपेक्षित गोष्ट दिसली. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून १८ टनांहून अधिक एफेड्रिन जप्त केलं. आपल्याकडच्या पेपरांत महिनोन्‌महिने कोटींचे आकडे आणि नटीचं नाव गाजलं; अठरा टन पावडर ठेवणार कुठे हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. त्याच वर्षी, २८ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल खटल्यात मालखान्यांच्या अवस्थेवर ताशेरे ओढले होते आणि राज्यांना सुरक्षित साठवणीची सोय करायला सांगितलं होतं. एनडीपीएस कायद्याचं कलम ५२अ, म्हणजे खटला संपायची वाट न बघता दंडाधिकाऱ्यांसमोर यादी-नमुने करून माल निकालात काढायची सोय, १९८९ पासून आहे. पण "नियंत्रित पदार्थ", म्हणजे प्रीकर्सर, त्यात आले ते २०१४ च्या दुरुस्तीने. पंचवीस वर्षं अफू लवकर जाळता येत होती आणि अनहायड्राइडला थांबावं लागत होतं.

मात्र २०१५ च्या केंद्राच्या अधिसूचनेत दोन गोष्टी स्पष्ट आल्या. ज्या रसायनाला वैध औद्योगिक उपयोग आहे ते निविदेने किंवा लिलावाने विकता येतं. आणि जे नष्टच करायचं त्यासाठी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. मुंबईतला जप्त माल तळोज्याच्या घातक कचरा केंद्रातल्या भट्टीत जातो तो याच चौकटीत. अंमलबजावणीबद्दल मी फार भोळी नाही; मंडळाची संमती ही अनेकदा एका शिक्क्याची गोष्ट असते, आणि जुलै २०२३ मध्ये १ लाख ४४ हजार किलो माल दिल्लीतून व्हिडिओवर बघत नष्ट केला तेव्हा बातमी वजनाची होती, चिमणीची नव्हती. तरी कागदावर का होईना, पोलिसांच्या वहीला प्रदूषण मंडळाच्या वहीशी शिवून टाकलंय. व्हिएन्नाच्या कराराने हे केलेलं नाही.

तिथे करार बदलायला दशकं जातील, म्हणून मी त्याची वाट बघत नाही. पण दरवर्षी देश जप्तीचे आकडे भरतातच. त्या तक्त्यात आणखी दोन रकाने घालायला कुणाच्या सह्या लागू नयेत: गेल्या वर्षी जप्त केलेल्यापैकी आज किती तसंच पडून आहे, आणि बाकीचं कुठल्या पद्धतीने संपवलं. श्रोत्याने आम्हाला विचारलेला प्रश्नच आहे तो, फक्त रकान्यात बसवलेला. पुढच्या महिन्यात हेगच्या एका निवृत्त निरीक्षकांशी बोलायचं ठरलंय. पहिला प्रश्न हाच विचारणार आहोत.